सायलेन्सर बदलला, आता कार्बोरेटर जुळवा



शेतीच्या पत्रकात मोटारसायकलचा विषय कशाला, असे काहीजण म्हणतील. पण इचलकरंजी, हातकणंगले, शिरोळ भागात आज शेताचे निम्मे काम गाडीवर चालते. पहाटे दुधाचे कॅन डेअरीला, दहा वाजता खत-औषध आणायला बाजारात, दुपारी भाकरी घेऊन मळ्यात, आणि रात्रपाळीची लाईट आली की मोटर चालू करायला पुन्हा शेतात. गाडी बंद पडली की संकलनाची वेळ चुकते आणि दूध घरातच राहते. म्हणून पंपाची आणि फवारणी यंत्राची निगा जशी राखायची, तशीच गाडीचीही राखली पाहिजे.

गेल्या पावसाळ्यानंतर तारदाळ भागातले एक दूधवाले शेतकरी भेटले. त्यांच्या गाडीचा जुना सायलेन्सर गंजून खालून फुटला होता. त्यांनी बाजारातून स्वस्तातला, मोकळ्या नळीचा सायलेन्सर आणून बसवला. आवाज मोठा झाला, गाडीही चपळ वाटू लागली. आठ दिवसांनी मात्र गाडी उतारावर फटफट करू लागली. इंजिन तापू लागले, सकाळी किक मारून मारून पाय दुखू लागला. ‘गाडी पेट्रोल कमी घेत असेल’ म्हणून कोणीतरी जेटचे भोक सुईने मोठे करून दिले. मग फटफट थांबली, पण धूर काळा आला आणि साठ किलोमीटर देणारी गाडी पंचेचाळीसवर आली.

आता हिशेब करू. रोज २० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ६० च्या ॲव्हरेजने लिटरचा तिसरा हिस्सा पेट्रोल लागते. ४५ च्या ॲव्हरेजने त्याच २० किलोमीटरला सुमारे ४४० मिलिलिटर लागते. रोजचा फरक शंभर-सव्वाशे मिलिलिटरचा, पण वर्षाला ४० लिटर होतात. लिटरला १०० रुपये धरले तरी ४,००० रुपये धुरात गेले. तेवढ्यात कंपनीचा सायलेन्सर येऊन वर पैसे उरले असते.

सायलेन्सर गंजतो कशाने?

पेट्रोल जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. गाडी लांब पल्ल्याला चालली तर सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. आपली गाडी घर ते डेअरी, डेअरी ते मळा अशी दोन-दोन किलोमीटर चालते. सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफेचे पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. बऱ्याच सायलेन्सरांना खालच्या बाजूला बारीक छिद्र असते, ते हे पाणी गळून जावे म्हणूनच असते. चिखलाने ते बुजले असेल तर काडीने मोकळे करावे. गळती समजून वेल्डिंगने बंद करू नये.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा-कृष्णाकाठच्या गावांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीत गाळ आणि पाणी सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांत राहते. वरून पुसलेली गाडी वर्षभर चांगली दिसते आणि मग एक दिवस सायलेन्सर हाताने दाबला तरी फुटतो. बुडालेल्या गाडीला लगेच किक कधीच मारू नये. आधी प्लग काढावा, इंजिनचे ऑईल बदलावे, कार्बोरेटरची वाटी उघडून स्वच्छ करावी आणि सायलेन्सर खोलून पाणी काढावे.

सायलेन्सर आणि कार्बोरेटरचा संबंध काय?

आपल्याकडचे गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणा. चुलवाणात चिपाड टाकणारा गडी एका ठरावीक अंदाजाने जळण टाकत असतो. धुराडे जेवढे ओढेल तेवढी हवा आत येते, जाळ चांगला लागतो आणि काहिलीतला रस उकळतो. आता धुराडे बदलून ओढ वाढवली आणि गडी मात्र पूर्वीइतकेच जळण टाकत राहिला, तर काय होईल? हवा जास्त, जळण कमी. जाळाचा मेळ बिघडतो. उलट धुराडे काजळीने तुंबले तर जळण जास्त आणि हवा कमी, मग नुसता काळा धूर.

गाडीत सायलेन्सर म्हणजे धुराडे आणि कार्बोरेटर म्हणजे जळण टाकणारा गडी. एक किलो पेट्रोल पुरते जळायला वजनाने साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते तेव्हा तिथला दाब उतरतो, आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर ओढले जाते. या भोकाचे माप कंपनीने मूळ सायलेन्सर आणि मूळ एअर फिल्टर धरून ठरवलेले असते. धूर कमी व्हावा म्हणून ते आधीच बेताचे ठेवलेले असते. मोकळा सायलेन्सर लावला की जळालेला वायू लवकर बाहेर पडतो, इंजिनात ताजी हवा जास्त शिरते, आणि पेट्रोल त्या प्रमाणात पुरे पडत नाही. याला मिश्रण पातळ होणे म्हणतात. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली तर मिश्रण दाट.

फटफट का होते तेही समजून घ्या. उतारावर तुम्ही रेस सोडता. पातळ मिश्रण इंजिनात नीट पेटत नाही आणि तसेच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाते. तिथे पेट घेते, तो आवाज. सायलेन्सरच्या तोंडाशी गॅस्केट फाटले असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊनही फटफट होते. तेव्हा फटफट ऐकली की लगेच कार्बोरेटरला हात घालू नये.

जुन्या राजदूत, येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्या अजून कोणी हौसेने ठेवल्या असतील, तर त्यांनी जास्त जपावे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर नुसता आवाज मारत नाही. बाहेर चाललेले ताजे मिश्रण परत सिलिंडरकडे ढकलायला त्याच्या आतल्या धक्क्यांची मदत होते. सायलेन्सर पोकळ केला की ताकद जाते. मिश्रण पातळ झाले तर पेट्रोलबरोबरचे ऑईलही कमी पोचते आणि पिस्टन धरतो.

प्लग पाहून ओळखा

प्लगचे टोक फिकट तपकिरी, भाजलेल्या बिस्किटासारखे असेल तर मिश्रण बरोबर आहे.

पांढरेफटक, चुन्यासारखे असेल, इंजिन तापत असेल, चोक ओढल्यावर गाडी बरी चालत असेल, रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नसेल, तर मिश्रण पातळ आहे.

काळी, कोरडी काजळी असेल, धुराला पेट्रोलचा वास येत असेल, ॲव्हरेज घसरले असेल, गाडी तापल्यावर अडखळत असेल, तर मिश्रण दाट आहे.

प्लग काळा आणि तेलकट असेल तर दोष कार्बोरेटरचा नाही. फोर-स्ट्रोक गाडीत रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेलेले असण्याचा संभव आहे.

एक खुलासा. शिसे घातलेले पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. आजच्या पेट्रोलने प्लगवर रंग पूर्वीइतका लवकर चढत नाही. म्हणून नवा प्लग लावून एका फेरीत निकाल देऊ नये, चार दिवस चालवून पाहावे.

कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी

ही पाच कामे आधी करावीत. निम्म्या गाड्या एवढ्यावरच सुधारतात.

१) सायलेन्सरच्या तोंडाचे गॅस्केट नवे घालावे. जुने दबलेले पुन्हा वापरू नये. दोन्ही नट आळीपाळीने, सारखे आवळावेत.

२) एअर फिल्टर साफ करावा, खराब असेल तर बदलावा. उसाच्या वाहतुकीच्या दिवसांत रस्त्याच्या धुळीने तो फार लवकर भरतो.

३) कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तडकला आहे का पाहावे. तडकला असेल तर तिथून फुकट हवा शिरते, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी गाडी जुळत नाही.

४) टॅपेट आणि प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे करावा. बहुतेक १०० सीसी गाड्यांना प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो.

५) कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुवावा, जेट हवेने फुंकावेत. जेटमध्ये तार, सुई किंवा टाचणी घालू नये. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ. एकदा भोक वाढले की ते परत कमी होत नाही, नवाच जेट घ्यावा लागतो.

जुळवण्याची रीत

काम उघड्यावर, सावलीत करावे. बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसाला व जनावराला मारतो. जवळ विडी-काडी नको. वाळलेल्या पाचटावर तापलेली गाडी उभी करू नये, फटफटणारी तर मुळीच नाही. एका ठिणगीने उभा फड जातो.

पहिली पायरी. गाडी तीन-चार किलोमीटर फिरवून आणावी. थंड इंजिनावर केलेली जुळवणी फुकट जाते.

दुसरी पायरी. इंजिन बंद करून मिश्रणाचा लहान स्क्रू शोधावा. तो हलकेच आत फिरवावा आणि किती फेरे झाले ते मोजून कागदावर लिहून ठेवावे. काही बिघडले तर परत जुन्या जागी येता येते. तळाला लागला की थांबावे. जोराने आवळला तर टोकाला खाच पडते आणि स्क्रू वाया जातो. मग तो दीड फेरा बाहेर सोडावा.

तिसरी पायरी. हा स्क्रू कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ, आत घेतला की दाट. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की दाट, आत घेतला की पातळ. इथेच बहुतेकांची चूक होते. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर उलटा पडतो.

चौथी पायरी. इंजिन चालू करून स्लोचा मोठा स्क्रू थोडा चढवावा. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा, दर वेळी पाच-दहा सेकंद थांबून कान द्यावा. एका जागी इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखे चालते. ती जागा सापडली की त्यापुढे अगदी थोडे, अष्टमांश फेरा, दाट बाजूला न्यावे. आता स्लो पुन्हा उतरवावा. १०० सीसी गाडीचा स्लो साधारण मिनिटाला १,३०० ते १,५०० फेऱ्यांचा असतो. मीटर नसेल तर कानाने ठरवावे: दिवा लावला तरी इंजिन बंद पडू नये आणि गिअर टाकताना धक्का बसू नये.

पाचवी पायरी. रेस झटक्यात देऊन सोडावी. आवाज वरच रेंगाळला तर अजून पातळ. आवाज एकदम खाली जाऊन इंजिन मरू लागले तर दाट. इंजिन तडक चढून तडक उतरले की काम झाले.

पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांहून जास्त बाहेर येऊनही गाडी पातळच असेल, किंवा हवेचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत जात असेल, तर लहान जेट अपुरा पडतो आहे. तो एका मापाने मोठा घालावा.

पिन आणि मोठा जेट

मिश्रणाचा स्क्रू फक्त स्लो आणि हलक्या रेसपुरता असतो. साधारण पाव ते पाऊण रेसपर्यंतचे पेट्रोल पिन ठरवते, आणि त्यापुढे पूर्ण रेसला मोठा जेट. म्हणजे दुधाचे दोन कॅन घेऊन अर्ध्या रेसवर जाताना गाडी धक्के देत असेल, तर स्क्रू फिरवून उपयोग नाही.

पिनला वरच्या टोकाशी खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप असते. क्लिप एक खाच खाली घेतली की पिन वर उचलली जाते आणि मिश्रण दाट होते. क्लिप वर घेतली की पातळ. एका वेळी एकच खाच बदलावी. काही गाड्यांच्या पिनला एकच खाच असते, तिथे हा उपाय नाही.

मोठा जेट पूर्ण रेसलाच बघावा. पूर्ण रेसला गाडी दमत असेल आणि चोक थोडा ओढल्यावर ओढ वाढत असेल, तर जेट एका मापाने मोठा घालावा. जेटवर आकडा कोरलेला असतो, जुना जेट दुकानात नमुन्याला न्यावा. ही परीक्षा हमरस्त्यावर घेऊ नये. जाणत्या मिस्त्रीकडून करून घेतलेली बरी.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. स्क्रू, पिन, जेट एकदम बदलले तर गाडी कशाने सुधारली आणि कशाने बिघडली ते कळत नाही. बियाणे, खत आणि पाणी एकाच वर्षी बदलले तर पीक कशाने आले ते सांगता येत नाही, तसेच हे. हे मी स्वतः गाडी बिघडवूनच शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मी तिन्हीला हात घातला आणि दुसऱ्या दिवशी शिवारफेरीला एसटीने गेलो.

उसाचे पेट्रोल आणि जुनी गाडी

आपल्या उसापासून निघालेले इथेनॉल आता आपल्याच टाकीत येते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता पंपांवर बहुतेक हेच मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आणखी थोडे पातळ होते. वरून मोकळा सायलेन्सर लावला तर पातळात पातळ. इथेनॉल पाणीही धरते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकावे, आणि जुन्या रबरी नळ्या फुगल्या किंवा चिरल्या आहेत का ते पाहावे.

आवाजाची हौस महागात पडते

मोकळा सायलेन्सर जुळवता येतो, पण तो लावावा असे आमचे म्हणणे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज मर्यादेत ठेवणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज व धुराचा नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि लायसन तीन महिने अपात्र ठरते. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून घेऊन रोडरोलरखाली घातले आहेत. शिवाय पहाटे गोठ्यासमोर फाडफाड आवाज झाला की म्हैस बुजते आणि पान्हा चोरते. हा तोटा कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

मूळ कंपनीचा किंवा त्याच मापाचा, आत जाळ्या-कप्पे असलेला सायलेन्सर घेतला तर कार्बोरेटरला बहुधा हात लावावाच लागत नाही. गॅस्केट बदला, स्लो पाहा, पुरे. शेवटी पीयूसी करून घ्यावी. १ एप्रिल २००० नंतरच्या, बीएस-फोरच्या आधीच्या गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ३.५ टक्के आहे. तुमची जुळवणी बरोबर झाली की नाही, त्याची ही स्वस्तातली परीक्षा आहे.

काही प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: माझी गाडी २०२१ ची आहे. तिचा कार्बोरेटर कुठे आहे?
उत्तर: १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स नियम आले आणि बहुतेक मोटारसायकलींना कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसले. तिथे पेट्रोलचे प्रमाण संगणक ठरवतो. सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरची वायर तोडू नका. त्या गाडीला मूळ सायलेन्सरच लावावा.

प्रश्न: इथे जुळवलेली गाडी रत्नागिरीला नेली तर पुन्हा जुळवावी लागेल का?
उत्तर: नाही. घाट उतरल्यावर हवा थोडी दाट होते, त्यामुळे मिश्रण किंचित पातळ होईल. एवढ्या फरकाला स्क्रूला हात लावण्याची गरज नाही.

प्रश्न: ॲव्हरेज वाढावे म्हणून मिश्रण मुद्दाम पातळ ठेवले तर?
उत्तर: ठेवू नका. चार दिवस पेट्रोल वाचल्यासारखे वाटेल, पण इंजिन तापून व्हॉल्व्ह जळेल किंवा पिस्टन धरेल. वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च एका दिवसात होईल.

थोडक्यात: सायलेन्सर मूळ मापाचा घ्या. गॅस्केट, फिल्टर आणि रबरी जोड आधी पाहा. इंजिन तापवून, फेरे मोजून, एका वेळी एकच बदल करा. जेटला सुई लावू नका. आणि प्लगचा रंग विसरू नका.

तारदाळच्या त्या बंधूंनी शेवटी नवा जेट आणि मूळ मापाचा सायलेन्सर बसवला. गाडी पुन्हा साठच्या घरात आली आणि दूध वेळेवर पोचू लागले. आपल्या गाडीबद्दल किंवा फवारणी यंत्राच्या इंजिनाबद्दल काही शंका असतील तर कार्यक्रमाला पत्र टाका. गाडीचे नाव, साल आणि प्लगचा रंग मात्र त्यात जरूर लिहा, म्हणजे उत्तर नेमके देता येईल.